चार पंखांचा ठसा

मित्रांनो, मी एक जुना लाकडी ठसा आहे. कापडावर नक्षी उठवायचा. मला सहा बाजू आहेत, पोटावर एक मधमाशी कोरलेली आहे आणि पाठ जळालेली आहे. सध्या मी छत्रपती संभाजीनगरातल्या एका कलादालनात काचेच्या पेटीत असतो. तिथं मला पोट वर करून ठेवलंय, त्यामुळं माझी पाठ तुम्हाला दिसायची नाही. म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो.

मी मूळचा सागाचा, एका दुकानाच्या चौकटीतला. दुकान होतं नवाबमिस्त्रीचं. खुलताबादचा हा माणूस रंगाऱ्यांसाठी ठसे कोरायचा. अठ्ठेचाळीस सालच्या पोलिस ॲक्शननंतरच्या दिवसांत ते दुकान जळालं. आत बापाच्या आणि आज्याच्या हातचे दोनशे ठसे होते. फुलं, वेली, मोर, आंबे, सगळे गेले. कुणी जाळलं हे नवाबमिस्त्रीनं कधी तोंडातून काढलं नाही. चौकटीचा खालचा तुकडा तेवढा अर्धा शाबूत राहिला होता. तो त्यानं घरी नेला आणि खाटेखाली सरकवून दिला. सहा-सात वर्षं मी तिथं पडून होतो. घरातल्यांनी चुलीत घालायला मागितलं तर तो म्हणायचा, “एक बार जल चुका है वो. अब नक्को.”

मला तिथून बाहेर काढलं ते साळूबाईनं.

साळूबाई म्हणजे देवगाव रंगारीच्या कारभारी रंगाऱ्याची बायको. तिचं माहेर अजिंठ्याच्या डोंगराकडं. तिचा बाप पुंजाराम सातेरी जातीच्या मधमाश्या मडक्यात पाळायचा. मडकं भिंतीत आडवं बसवायचं. त्याचं तोंड बाहेर, तोंडाला भोक पाडलेली लाकडी चकती. माश्यांनी तिथून यावं-जावं. मडक्याचं बूड घराच्या आत, ते फोडून तिथं फळी बसवलेली. माणसानं ती सरकवून आपला वाटा घ्यावा. लग्नात साळूबाईनं असं एक माश्यांनी भरलेलं मडकं ओल्या फडक्यात गुंडाळून बैलगाडीतून सासरी आणलं. वाटभर ते मांडीवर धरलं होतं. सासू द्वारकाबाई दारातच म्हणाली, “लोकाच्या सुना हंडे-घागरी आणत्यात. आमच्या सुनंनं डंख आणले.” वऱ्हाडी हसले. साळूबाईनं परसातल्या भिंतीत जागा शोधली.

सातेरी सात पोळी बांधते, असं तिच्या माहेरी मानायचे. त्यातली कडेची दोन माणसाची, मधली पाच माशीची. ती पाच काढायची नाहीत, कितीही नड असली तरी. फळी सरकवताना साळूबाई हलक्या आवाजात गायची. ती ओवी तिनंच जुळवली होती:

सातेरीच्या घराला गं, सात पोळ्यांची ओसरी
पाच तुझी, दोन माझी, वाटणी नको दुसरी.

मध घरात खाल्ला जायचा आणि मेण तिच्या वाट्याला यायचं. कारण रंगाऱ्याच्या घरात मेणाला काम असतं. मेण आणि राळ कढईत वितळवायची, ठसा त्यात बुडवायचा आणि कापडावर दाबायचा. कापडाखाली ओली वाळू पसरलेली असते. तिच्या गारव्यानं मेण तिथल्या तिथं थिजतं. मग ते कापड निळीच्या रांजणात बुडवायचं. जिथं मेण बसलं तिथं रंग शिरत नाही. शेवटी कापड उकळत्या पाण्यात घातलं की मेण वर तरंगतं आणि निळ्या अंगावर पांढरी नक्षी उमटते. तरंगलेलं मेण काढून पुन्हा वापरायचं. बाजारातलं मेण काजळीचं असे, कारण ते आग्या मोहोळ मशालीनं जाळून आणलेलं. साळूबाईचं मेण हळदीसारखं पिवळं नि स्वच्छ. त्यानं केसाएवढी रेघसुद्धा उठायची.

एकदा तिच्या हातातून पोळ्याचा तुकडा त्या ओल्या वाळूवर पडला. उचलला तर खाली ठसा उमटलेला. सहा बाजूंची घरं, एकाला एक लागून, मध्ये केसभरही जागा वाया गेलेली नाही. ती उकिडवी बसून ते बघतच राहिली. चुलीवरचं कालवण करपलं, द्वारकाबाईनं तिच्या माहेराचा उद्धार केला, तरी तिची नजर हलली नाही.

पुढच्या बाजाराच्या दिवशी नवाबमिस्त्री देवगावात आला, तेव्हा तिनं त्याला पोळ्याचा तुकडा दाखवला.

“मिस्त्री, ह्या आकाराचा ठसा पायजे. मधी माशी.”

“छे बाजू का? बाई, ठसा चौकोनी रहता. आजतक कोई मंग्याच नहीं.”

“माश्या रोज करत्यात. त्यांना कुनी शिकवलं?”

नवाबमिस्त्री हसला आणि तुकडा खिशात घालून घेऊन गेला. अशा कामाला जुनं, मुरलेलं लाकूड लागतं. त्यानं खाटेखालून मला ओढलं. पंधरा दिवस तो माझ्यावर वाकून होता. पटाशीचा पहिला घाव दुखतो, मित्रांनो, पण जळण्याइतका नाही.

त्यानं मला देवगावात आणलं. साळूबाईनं मला उजेडाकडं धरलं आणि तिचा चेहरा पडला.

“मिस्त्री, ही घरातली माशी झाली. गुळावर बसती ती.”

“कायकू? पंख है, पाव है.”

साळूबाईनं आत जाऊन एक मेलेली मधमाशी तळहातावर आणली आणि बाभळीच्या काट्यानं तिचे पंख अलगद सुटे केले. “ह्ये मोठं दोन. अन् त्याच्याआड ह्ये बारकं दोन. किती झाले?”

नवाबमिस्त्रीनं चष्मा कपाळावर सरकवला. “चार,” तो म्हणाला. “पचास साल से देखता हूं. गिना कभी नहीं.”

त्यानं रंधा मारून माझा तो पहिला चेहरा काढून टाकला आणि दुसरा कोरला. म्हणून मी इतर ठशांपेक्षा जरा पातळ आहे. पण माझ्या माशीला चार पंख आहेत, आणि प्रत्येक पंखात शिरा आहेत. माझी पाठ मात्र त्यानं तासली नाही. जळका भाग तसाच ठेवून त्यावर मूठ बसवली.

नंतरची आठ वर्षं माझी सुखाची होती. साळूबाई मला मेणात बुडवायची, एकदा झटकायची आणि कापडावर ठेवून तळव्यानं ठोका द्यायची. मग उचलून शेजारी. बाजूला बाजू अशी जुळायची की पांघरायची पासोडी पूर्ण झाल्यावर एक आख्खं पोळं पसरल्यासारखं वाटे. तिचं मेण थोडं होतं, म्हणून एका वेळी चारच पासोड्या निघत. आजूबाजूच्या गावांत लग्न ठरलं की नवरीकडचे म्हणायचे, “साळूची पासोडी घ्या.” साळूची म्हणायचे, कारभाऱ्याची नाही. हे कारभाऱ्याला कुठंतरी टोचत होतं. तो वाईट रंगारी नव्हता. निळीचा रांजण त्याच्यासारखा कुणाला लावता येत नसे. पण ठसा त्याच्या हातात जुळत नव्हता. तिसऱ्या ओळीला फट पडायची.

मग एका पौषात औरंगाबादहून नानासाहेब आले. त्यांचं शहरात कापडाचं मोठं दुकान होतं आणि दिल्लीच्या प्रदर्शनात त्यांना मराठवाड्याचं काहीतरी मांडायचं होतं. ओसरीवर बसून त्यांनी पासोडी उलगडली, चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

“कारभारी, हे डोकं कुणाचं?”

साळूबाई चहाची कपबशी घेऊन उंबऱ्यात उभी होती. कारभाऱ्यानं तिच्याकडं पाहिलं नाही.

“आपलंच की,” तो म्हणाला.

तिनं कपबशी नानासाहेबांपुढं ठेवली. नानासाहेब म्हणाले, “शाबास. शिमग्याच्या आत शंभर पासोड्या द्या. तुमचं नाव खाली छापून दिल्लीला लावतो.” कारभाऱ्यानं होकार दिला.

ते गेल्यावर साळूबाई म्हणाली, “अवो, शंभर नाय व्हायच्या. मेण कुठाय तेवढं?”

“तुझ्या मडक्यात हाय.”

“करडई फुलू द्या. शिमगा सरला की पोळी भरत्यात. मग आपली दोन घेऊ. त्यांना निरोप धाडा, उशीर हुईल म्हनून.”

“दोन,” कारभारी म्हणाला. “सात असताना दोन. माश्यांची वकिली कर तू.”

आतून द्वारकाबाई बोलली, “नवऱ्याचं नाव दिल्लीला जायला निघालं, तर हिच्या पोटात दुखाया लागलं.”

चार दिवसांनी साळूबाई धुणं घेऊन नदीवर गेली. मी कोनाड्यात होतो, परसाकडच्या. मला सगळं दिसत होतं, आणि लाकडाला डोळे मिटता येत नाहीत.

कारभाऱ्यानं रॉकेलात भिजवलेल्या चिंध्या पेटवल्या. बाहेरचं भोक चिखलानं बंद केलं, आतली फळी ओढली आणि पेटता बोळा मडक्यात खुपसला. आत जो आवाज झाला तो मी आधी कधी ऐकला नव्हता. पाऊस पत्र्यावर पडावा तसा सुरू झाला आणि थोड्या वेळानं थांबला. मग त्यानं हात घालून पोळी ओरबाडून काढली. सातही. मधल्या पोळ्यांत पांढरी पिल्लं होती, भाताच्या शितांसारखी. काही जमिनीवर सांडली. त्यांना मुंग्या लागल्या. उरलेली पोळ्यासकट कढईत गेली.

पण जी चूक माश्या पाळणारा कधी करत नाही, ती रंगाऱ्यानं केली होती. पोळं मोठं म्हणजे मेण फार, असं त्यानं धरलं. पिल्लांच्या पोळ्यात मेण नावालाच असतं. सात पोळी कढवून त्याच्या हाती मुठीएवढा काळपट गोळा आला. बाकी नुसता चोथा, पाणी आणि वास.

साळूबाई परतली तेव्हा वास अंगणापर्यंत आला होता. तिनं धुण्याची पाटी खाली ठेवली. ती भिंतीपाशी गेली. रानात गेलेल्या माश्या परत आल्या होत्या; चिखलानं बुजलेल्या भोकाभोवती त्या चिकटून बसल्या होत्या, पायांना पिवळा पराग तसाच लागलेला. तिनं नखांनी चिखल काढला. त्या आत गेल्या आणि बाहेर आल्या. तिनं वाटीत गुळाचं पाणी ठेवलं. राणी नव्हती. दोन दिवस त्या भिंतीवर झुपका करून राहिल्या. तिसऱ्या दिवशी भिंतीखाली पडलेल्या होत्या. द्वारकाबाईनं त्या शेणाच्या पाटीत झाडून उकिरड्यावर टाकल्या.

साळूबाईनं मला हात लावायचं सोडलं. मग कारभाऱ्यानंच मला उचललं. त्या काळ्या गोळ्यात बाजारचं मेण मिसळलं आणि छापायला बसला. ते मेण माझ्या खाचांत चिकटायचं. त्यात मधाचा अंश होता, पाणी होतं. कढईत ते तडतडायचं, कापडावर भेगाळायचं. भेगांतून नीळ आत शिरायची. चाळीस पासोड्या झाल्या तेव्हा शिमगा दाराशी आला होता.

नानासाहेबांनी पहिली पासोडी उलगडली. दुसरी उलगडली. तिसऱ्यापाशी ते हसायला लागले.

“कारभारी, ह्या माश्या का ढेकूण?”

बरोबर आलेले दोघं हसले. कारभाऱ्याच्या कानशिलाची शीर फुगली. “बायकोनं छापलं,” तो म्हणाला. “तिच्या हातात दम राह्यला नाय.”

साळूबाई दारात होती. ती पुढं आली, तिनं पासोडीचा कोपरा धरला आणि नानासाहेबांसमोर केला.

“पंख मोजा, मालक,” ती म्हणाली. “कुटं एक, कुटं दोन. मी छापलं असतं तर चार असते. आधीच्या पासोडीवर बघा.”

नानासाहेबांनी जुनी पासोडी बरोबर आणली होती. त्यांनी मोजले. मग ते कारभाऱ्याकडं बघून म्हणाले, “अस्सं. डोकंही मग हिचंच असणार.” आणि मोटारीत बसून निघून गेले. मागणी बुडाली. ते निदान तेवढं वाक्य तरी न बोलता गेले असते तर, असं मला पुढं कितीदा वाटलं.

मोटारीचा धुरळा बसायच्या आत कारभाऱ्यानं तिचं मनगट पकडलं. उजवं. तिचा हात त्यानं त्या ओल्या वाळूवर पालथा दाबला आणि दुसऱ्या हातानं मला मुठीला धरून उचललं.

मित्रांनो, मी साग आहे. जड आहे. मला थांबता येत नाही, वळता येत नाही, कुणाच्या हातात जायचं ते ठरवता येत नाही. मी तीनदा खाली आलो. खाली वाळू होती म्हणून हाडांचा चुरा झाला नाही, ती नुसती मोडली. अंगठा तेवढा वाचला. द्वारकाबाई ओसरीवर शेंगा सोलत होती. तिनं शेंगा सोलणं थांबवलं, आणि थोड्या वेळानं पुन्हा सुरू केलं. हाडवैद्याला तिनंच सांगितलं, “दारात बोटं चेमटली.” बोटं वाकडी जुळली. पुढं ती कधी सरळ झाली नाहीत, आणि पुरती मिटलीही नाहीत.

बाजाराच्या दिवशी नवाबमिस्त्री आला. साळूबाईनं त्याला पाणी दिलं, डाव्या हातानं. त्यानं तिचा उजवा हात पाहिला, मग कोनाड्यात मला पाहिलं. माझ्या एका कडेला डाग होता. ठसे कोरणाऱ्याला कडेवरचे डाग वाचता येतात.

“दारात चेमटली,” साळूबाई म्हणाली.

त्यानं पाण्याचा पेला खाली ठेवला. “मेरेकू मालूम रहता,” तो म्हणाला, “तो हलकी लकडी लेता मैं.”

त्यानंतर तो त्या घरी आला नाही.

माझं पुढचं आयुष्य सांगण्याजोगं नाही. काही वर्षं मी हलणाऱ्या रांजणाखाली टेकण होतो. गिरणीचं स्वस्त कापड आलं, रांजण कोरडे पडले, तेव्हा मला माळ्यावर फेकलं. तिथं मी द्वारकाबाईचं जाणं ऐकलं, पुढं कारभाऱ्याचं. त्याचं दुखणं लांबलं. शेवटचं वर्षभर साळूबाई त्याला डाव्या हातानं भरवत असे. शेवटी घर पाडताना भंगारवाल्यानं मला नेलं. शहरातल्या कुणी हौशी माणसानं मला ओळखलं, पुसलं, तेल लावलं. अशा तऱ्हेनं मी या पेटीत आलो. शेजारी त्या जुन्या पासोडीचा तुकडा आहे. खाली पाटी आहे: ‘मधमाशी ठसा. संकल्पना: कारभारी रंगारी, देवगाव रंगारी. कोरणारा: अज्ञात.’ नानासाहेबांच्या जुन्या कागदांत मागणीच्या वेळची एवढीच नोंद सापडली म्हणे.

गेल्या चैत्रात एक म्हातारी इथं आली. बरोबर कॉलेजात जाणारी नात होती. नातीनं पाटी वाचली आणि तिला आनंद झाला. “आजी, आजोबांचं नाव आहे बघ. केवढे मोठे कलाकार होते, अन् घरात कुणी सांगितलं नाही.” तिनं पाटीचा फोटो काढला.

साळूबाई काचेवर वाकली. उजवा हात काचेला लावून तिनं अंगठ्यानं मोजलं: “एक, दोन. तीन, चार.”

“अम्मा, काचेला हात नका लावू,” पहारेकरी मुबारक म्हणाला. ती जरा मागं सरली.

“अज्ञात म्हंजी काय गं?” तिनं नातीला विचारलं.

“म्हणजे नाव माहीत नाही.”

“नवाबमिस्त्री. खुलताबादचा. लिही म्हनाव त्यांना.”

“अन् बाकीचं बरोबर आहे ना?”

साळूबाई माझ्याकडं बघत होती. नात आनंदात होती, फोटो घरच्यांना पाठवत होती. म्हातारीनं पदर सारखा केला. “आसंल,” ती म्हणाली.

तेवढ्यात खिडकीपाशी आवाज झाला. सातेरी होती. कशी आत आली कोण जाणे. माझ्या खाचांत अजून थोडं मेण आहे. उन्हात त्याचा वास सुटतो. त्या वासावर आली असेल. ती खिडकीच्या काचेवर आपटत होती, पडत होती, पुन्हा उठत होती. मुबारकनं कोपऱ्यातला झाडू घेतला.

“थांब रं, बाबा,” साळूबाई म्हणाली. “खिडकी उघड.”

“खिडकी पॅक आहे, अम्मा. एसीचा हॉल आहे.”

साळूबाईनं उजवा हात माशीवर धरला. ती वाकडी बोटं, जी मिटत नाहीत नि उघडत नाहीत, त्यांच्या आत एक पोकळी झाली आहे, मडक्याच्या पोटासारखी. माशी तिथं मावली. मग साळूबाईच्या तोंडावर एक कळ उमटली. माशीनं डंख मारला होता. घाबरलेली माशी मारतेच, आणि डंख मारलेली सातेरी जगत नाही, हे साळूबाईला लहानपणापासून ठाऊक होतं.

“आजी, चावली का? टाक ना ती,” नात म्हणाली.

“राहू दे. घरापस्तोर नेते तिला,” साळूबाई म्हणाली आणि हात तसाच छातीशी धरून हळूहळू जिना उतरून गेली.

पाटी अजून बदललेली नाही. मित्रांनो, तुम्ही इथं आलात तर मुबारकला तेवढं नवाबमिस्त्रीचं नाव सांगा. दुसरं नावही आता तुम्हाला माहीत आहे. आणि कुठंही काचेवर माशी आपटताना दिसली, तर झाडू शोधू नका; आधी खिडकी उघडा. नुसत्या हाताला उघडता येणार नाही अशी खिडकी घराला बसवू नका. मी लाकूड आहे, मला हात नाहीत. मला जे हात मिळाले, त्यांतला एक मी माझ्याच वजनानं मोडला.